रायफलीचा तेवीस पानी अहवाल

नरेंद्र खांबेटे यांना एक वाक्य कधीच उच्चारता आलं नाही, आणि ते म्हणजे ‘मला माहीत नाही’. पुण्यात असताना रस्ता विचारणाऱ्याला त्यांनी कधी विन्मुख पाठवलं नव्हतं. पुढे तो माणूस कुठे पोहोचला हा त्याच्या नशिबाचा भाग. जपानात येऊन सात वर्षं झाली तरी ही सवय गेली नव्हती. फरक इतकाच, की जपानात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

हे दुःख लहान नाही. खांबेटे सेंदाईच्या विद्यापीठात गंजावर संशोधन करत. लोखंड गंजतं हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ते किती सावकाश गंजवता येईल हे शोधण्यात खांबेट्यांची उमेदीची वर्षं चालली होती. मिठाच्या पाण्याचे फवारे मारायची एक पेटी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती, आणि एके काळी तिच्यासमोर विद्यार्थ्यांची रांग लागायची. पण २००४ साल उजाडेपर्यंत प्रयोगशाळेत गंजसुद्धा कॉम्प्युटरवर चढू लागला. पंचविशीतली मुलं पडद्यावर पाच मिनिटांत पन्नास वर्षांचा गंज काढून दाखवायची. खांबेट्यांच्या पेटीला खरा गंज काढायला तीन महिने लागत. तीन वर्षांत त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाला असं कोपऱ्यातल्या पेटीशेजारी बसवलं की तो घरी येऊन कमी बोलतो. खांबेटे कमी बोलू लागले होते, आणि त्यांची पत्नी सुचेता हे बघत होती.

अशा वेळी कोन्नो-सानांनी त्यांना प्रश्न विचारला.

कोन्नो-सान म्हणजे सेंदाईच्या दक्षिणेला, तासभर ट्रेन आणि मग अर्धा तास बस एवढ्या अंतरावरच्या डोंगराळ गावातले चौऱ्याहत्तर वर्षांचे शेतकरी. त्यांची बायको फुमिए-सान सेंदाईच्या रविवारच्या बाजारात भाजी विकायची. सुचेताने तिला मेथीचं बी दिलं, तिने ते लावलं, आणि त्या मेथीवरून दोन्ही घरांचं जाणं-येणं सुरू झालं. कोन्नो-सानांचा दुसरा उद्योग शिकारीचा. गावातल्या बटाट्यांची आणि भाताची रानडुकरं नासधूस करत आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, हंगामात, चार-पाच म्हातारे परवानाधारक बंदुका घेऊन रानात जात.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी चहा पिताना कोन्नो-सान म्हणाले, “गेल्या हिवाळ्यात ओल्या बर्फात माझ्या जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता फुगला. नळीला टेकला. गोळी वीतभर बाजूला गेली. डुक्कर जखमी होऊन पळालं.”

“मग?”

“मग काय, दोन दिवस त्याच्या मागे हिंडलो. जनावर जखमी सोडून घरी येऊन जेवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडलं. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही.” त्यांनी कप खाली ठेवला. “आता पावसात, बर्फात, कशातच न बदलणारी रायफल घ्यायची आहे. शेवटचीच. दोन बघून ठेवल्यात. एक फिनलंडची आहे, एक अमेरिकेची. दोन्ही हाताने बोल्ट ओढून भरायच्या, दोन्ही स्टेनलेस. सेन्सेई, तुम्ही गंजाचे डॉक्टर. तुम्ही सांगाल ती घेतो.”

सेन्सेई, म्हणजे गुरुजी! प्रयोगशाळेत सात वर्षं खांबेटेच सगळ्यांना सेन्सेई म्हणत आले होते. त्यांनी आजवर बंदूक पाहिली होती ती पुण्यातल्या बँकेच्या दारात, आणि तिचा पहारेकरी तिच्यावर हनुवटी टेकवून डुलक्या काढायचा. एवढ्या अनुभवावर शहाण्या माणसाने हात जोडले असते. खांबेट्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, “अभ्यास करून सांगतो.”

मराठी मध्यमवर्गीय माणूस ‘अभ्यास करून सांगतो’ म्हणाला की घरातल्यांनी सावध व्हावं. याच माणसाने मिक्सर घेण्यापूर्वी अकरा दुकानं पालथी घातली होती आणि शेवटी सुचेताच्या आईने पुण्याहून जुना मिक्सर पाठवला होता. चौकशी हे आपल्याकडे खरेदीचं साधन नसून खरेदीच्या ऐवजी करायचं काम आहे. त्यात ही तर रायफल होती आणि तीही दुसऱ्याची, म्हणजे चूक करायची मुभा नाही.

पहिली अडचण पुढच्याच शनिवारी आली. सेंदाईतल्या बंदुकांच्या दुकानात कोन्नो-सान त्यांना घेऊन गेले, दुकानदाराने कमरेत वाकून स्वागत केलं, दोन्ही रायफली काचेच्या कपाटातून काढल्या आणि खांबेट्यांचा पुढे आलेला हात बघून तो तितक्याच नम्रपणे आडवा आला. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने बंदुकीला बोटसुद्धा लावायचं नाही, असा कायदा. परवाना काढायचा तर परीक्षा, डॉक्टरचा दाखला, पोलिसांची घरी चौकशी. आणि रायफलीसाठी आधी दहा वर्षं साधी छऱ्यांची बंदूक बाळगलेली हवी. खांबेटे तेव्हा एक्कावन्न वर्षांचे झाले असते. तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, वाकून भिंगातून नळ्या पाहिल्या आणि “हं” असं म्हणाले. संग्रहालयात आलेल्या शाळकरी मुलासारखं उभं राहून तज्ज्ञाचं मत द्यायचं म्हणजे काय, हे ज्याच्यावर गुजरलं त्यालाच कळेल.

हात लावता येत नाही म्हटल्यावर उरला कागद. सुचेताचा भाऊ स्वप्निल नुकताच आयटीच्या लाटेत टोकियोला आला होता आणि फुनाबोरीत आणखी तीन मराठी मुलांबरोबर राहत होता. खांबेट्यांनी त्याला फोन केला.

“भाऊजी, सिंपल आहे,” स्वप्निल म्हणाला. “एक्सेल शीट करा. प्रत्येक पॅरामीटरला वेटेज द्या. वेटेज नसेल तर डिसिजनला डिफेन्ड कसं करणार?”

आठ दिवसांत स्वप्निलने एक्केचाळीस रकान्यांचा तक्ता पाठवला. नळीचा धातू, दस्त्याचं प्लॅस्टिक, खटक्याचा ताण, हातमोजे घालून बोल्ट फिरतो का, वजन, धक्का, सगळं त्यात होतं. शिवाय त्याने तो तक्ता आपल्या ऑफिसातल्या मंडळींनाही पाठवला, आणि गणपतीत जमणारी फुनाबोरीची सगळी मराठी वसाहत दोन पक्षांत विभागली गेली. बंदूक कोणीच पाहिली नव्हती, त्यामुळे मतं ठाम होती. एकाने विचारलं, भारतातून आणली तर स्वस्त पडेल का. एका बाईंनी कळवळून विचारलं, घरात लहान मूल आहे, गोळ्या कुठे ठेवणार. तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून खांबेट्यांच्या आईचा, सरोजिनीबाईंचा फोन आला.

“नरू, सुचेता कुठाय?”

“आंघोळीला गेलीये. का गं?”

“तिला फोनवर दे बघू.”

“अगं, आंघोळ करतेय म्हटलं ना.”

“मी थांबते,” सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि सुनेचा आवाज प्रत्यक्ष ऐकेपर्यंत त्यांनी परदेशी कॉल चालू ठेवला. मग मुलाला म्हणाल्या, “काही झालं तरी डोकं शांत ठेव. संसारात भांडणं व्हायचीच.”

खालच्या मजल्यावर राजीव देवस्थळी राहायचा. तो समुद्री शेवाळावर संशोधन करायचा आणि धातूंविषयी बोलायचा. एका संध्याकाळी जिन्यात गाठून तो म्हणाला, “खांबेटे, नळीबिळी सोडा. स्क्रू बघा. आमचा प्रेशर कुकर बारा वर्षं ठणठणीत आहे, पण हँडलचा स्क्रू तीनदा गेला. आमच्या हिला विचारा.” खांबेटे त्याच्याकडे बघून नुसते हसले. ज्या माणसाने उभं आयुष्य धातू गंजवण्यात घालवलं त्याला शेवाळवाल्याने कुकरचा दाखला द्यावा, यावर दुसरं काय करणार?

मात्र काम जोरात चाललं होतं. खांबेट्यांनी दोन्ही कंपन्यांना पत्रं लिहून धातूचे नमुने मागवले. फिनलंडहून सुपारीएवढा तुकडा आला. अमेरिकेहून रंगीत कॅटलॉग आणि एक टोपी आली. तुकडा पेटीत गेला, फवारे सुरू झाले. टोपी त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने, कादंबरीने, शाळेत घालून जायची म्हटली तेव्हा बाबांनी तिला निःपक्षपातीपणाचं महत्त्व समजावून सांगितलं. ती जपानीत “वाकान्नाइ” म्हणाली, म्हणजे कळत नाही, आणि खेळायला गेली. हे वाक्य ती किती सहज म्हणते, याचं खांबेट्यांना आश्चर्य वाटलं.

दर रविवारी दुपारी दोन वाजता ते कोन्नो-सानांकडे जाऊन प्रगती सांगत. कोन्नो-सान ताठ बसून ऐकत आणि मधूनमधून वहीत लिहून घेत. ‘लवकर सांगा’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. हंगाम सुरू झाला, डिसेंबर आला, तरी नाही. खांबेट्यांना हे श्रोत्याचं मोठेपण वाटलं.

एकतिसाव्या रकान्यावर मात्र गाडी अडली. ‘खांद्यावरचा तोल’ हा रकाना कागदावर भरता येईना. तेव्हा खांबेट्यांनी प्लंबिंगचे दोन पाइप घेतले, त्यात मोजून तांदूळ भरले, एकात दोन किलो आठशे आणि दुसऱ्यात तीन किलो तीनशे, मागे लाकडी फळीचे दस्ते बसवले, काळी चिकटपट्टी गुंडाळली, आणि ही जोडगोळी जुन्या चादरीत बांधून रविवारी निघाले. सुचेता म्हणाली, “अहो, हे फारच खरं दिसतंय.” तिला कौतुक वाटलं असं समजून ते खूश झाले.

बसमध्ये चादर सरकली. कोणी ओरडलं नाही. ड्रायव्हरने दिलगिरी व्यक्त करत जाहीर केलं की गाडी थोडी थांबेल, आणि ती बरोबर पोलीस चौकीसमोर थांबली. खांबेट्यांना खाली उतरवून घेताना एका पोलिसाने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली, कारण बर्फ पडत होता. आत गेल्यावर चहा दिला. मग पाइपाचं बूच काढलं आणि तांदूळ जमिनीवर सांडले. त्या पोलिसाने छोट्या झाडूने दाणा अन् दाणा गोळा केला, पिशवीत भरला आणि ती पिशवी मिळाल्याची सही खांबेट्यांकडून घेतली. खुलासा म्हणून त्यांनी एक्केचाळीस रकान्यांचा तक्ता पुढे केला. त्यात ‘दोनशे मीटरवरून अचूकता’ हा रकाना वाचल्यावर दुसऱ्या पोलिसाने वरिष्ठांना फोन लावला.

प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक सासाकी सेंदाईहून धावत आले आणि सगळ्यांसमोर वाकले. आपल्याकडचे प्राध्यापक चार शिव्या घालून मोकळे झाले असते. सासाकी-सेन्सेई नुसते वाकले, आणि ते बघून खांबेट्यांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. एवढ्यात कोन्नो-सान आले. ते सायकलवरून आले होते, डोक्यावर बर्फ होता. तेही वाकले आणि म्हणाले, “हे माझ्यासाठी करत होते. चूक माझी आहे. माझा परवाना काढून घ्यायचा तर घ्या, यांना सोडा.”

परवाना कोणी काढून घेतला नाही. संध्याकाळपर्यंत सगळे सुटले, पाइपसुद्धा सुटले. सोमवारी प्रयोगशाळेत सूचना लागली की एक मीटरपेक्षा लांब वस्तू लेखी परवानगीशिवाय बाहेर नेऊ नये. नाव कोणाचं नव्हतं आणि प्रत्येकाने ती वाचताना खांबेट्यांकडे बघायचं टाळलं. पण पुढच्या रविवारी कोन्नो-सानांनी अंगणातल्या बर्फात उभं राहून ते दोन्ही तांदळाचे पाइप दहा-दहा मिनिटं खांद्याला लावून पाहिले आणि म्हणाले, “ही जड आहे सेन्सेई, पण स्थिर आहे.” खांबेट्यांनी एकतिसावा रकाना भरला. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्यांना वाटलं, झाला तो अपमान वसूल झाला.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला अहवाल पुरा झाला. तेवीस पानं, चार आलेख, शेवटी निष्कर्ष: शून्य दशांश चार गुणांनी फिनलंड. हंगाम संपायला पाचच दिवस उरले होते, आणि हे खांबेट्यांच्या त्या रात्री प्रथमच लक्षात आलं. म्हणजे म्हाताऱ्याने आपल्या भरवशावर अख्खा हिवाळा जुन्या, फुगणाऱ्या रायफलीवर काढला! पुन्हा एखादं जनावर जखमी होऊन पळालं असेल का? दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी होती. रविवारपर्यंत थांबणं त्यांना अशक्य झालं. सुचेताने केलेले बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि ते निघाले.

इथे त्यांनी ती चूक केली जी जपानात फक्त आपणच करू शकतो. त्यांनी फोन केला नाही. आपल्या माणसाकडे जायला फोन कसला करायचा? फाटक ढकलायचं आणि “आहेत का घरात?” म्हणत थेट आत शिरायचं. खांबेटे तसेच अंगणातून वळसा घालून मागच्या पडवीशी आले.

पडवीत वर्तमानपत्रं पसरून कोन्नो-सान रायफल पुसत बसले होते. स्टेनलेस नळी, काळा दस्ता. खांबेट्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले. ते वाकले, आणि त्यांच्या नजरेला आधी दिसायचं तेच दिसलं. दुर्बिणीच्या बैठकीखाली एक बारीक स्क्रू होता आणि त्याच्या डोक्यावर विटकरी ठिपका होता.

“स्क्रू साधा लोखंडी आहे,” ते म्हणाले. “हा गंज तीन महिन्यांचा तरी आहे.”

वाक्य तोंडातून गेलं आणि मग त्याचा अर्थ त्यांना कळला. तीन महिने म्हणजे नोव्हेंबर. तांदळाच्या पाइपांच्याही आधी.

कोन्नो-सानांनी रायफल खाली ठेवली आणि कपाळ जमिनीला टेकेल इतके ते वाकले. “माफ करा. ऑक्टोबरातच पोलिसांकडे अर्ज केला. हंगामाआधी हवी होती. जनावर पुन्हा जखमी व्हायला नको होतं. तुम्हाला सांगणार होतो. पण पुढच्या रविवारी तुम्ही तो तक्ता घेऊन आलात, आणि…” त्यांनी मान वर केली. “आमच्या घरी इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी इतकं काही केलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असता.”

खांबेटे पडवीच्या कडेवर बसले. त्यांना राग यायला हवा होता. तो कुठे आहे हे ते शोधत होते. चार महिने. एक्केचाळीस रकाने. चौकीतला तो तांदूळ. घरात खरी रायफल कुलपात असताना हा माणूस बर्फात उभा राहून तांदळाचे पाइप खांद्याला लावत होता. हा माणूस त्यांच्यासाठी सायकल मारत चौकीत आला होता आणि परवाना पुढे केला होता. शोधून शोधून राग सापडला नाही.

“ही अमेरिकेची ना?” त्यांनी विचारलं.

“हो. हातात घेतली आणि बरी वाटली. सेन्सेई, तुमचा अहवाल काय म्हणतो?”

पिशवीत तेवीस पानं होती. खांबेट्यांच्या घराण्यात वादातला मुद्दा आजवर कोणी सोडला नव्हता, आजोबांनी तर त्यापायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

“अमेरिका,” खांबेटे म्हणाले. “थोड्या फरकाने.”

कोन्नो-सानांनी मान लववली. मग त्यांनी स्वच्छ फडक्यावर तेल घेतलं. खांबेट्यांनी पाठीमागे हात बांधून सांगितलं तसं त्यांनी तो ठिपका हळूहळू पुसला, आणि मग दोघांनी लाडू खाल्ले.

घरी आल्यावर सुचेताने चहा ठेवला. खांबेट्यांनी सगळं सांगितलं. राजीवच्या कुकरचा स्क्रू तेवढा त्यांनी वगळला, कारण एका दिवसात माणसाने किती सोसावं.

“आणि अहवालात काय होतं?” सुचेताने विचारलं.

“फिनलंड.”

“मग त्यांना काय सांगितलंत?”

“अमेरिका.”

सुचेता गाळणं हातात धरून तशीच उभी राहिली. बारा वर्षांच्या संसारात या माणसाने मिठाच्या प्रमाणावरसुद्धा माघार घेतली नव्हती. मग ती म्हणाली, “मला माहीत होतं. नोव्हेंबरातच फुमिए-सान बोलल्या होत्या.”

“तुला माहीत होतं? आणि मला चौकीत जाऊ दिलंस?”

“चौकीचं मला काय ठाऊक! पण सांगितलं नाही ते खरंच. तीन वर्षांनी तुम्ही पहिल्यांदा दाढी करताना गुणगुणायला लागला होतात. सांगून ते बंद करू?”

खांबेट्यांनी चहाचा कप पुढे ओढला. त्यांना सगळं जग आपल्याला फसवत होतं याचं वाईट वाटत होतं, आणि ते किती मनापासून फसवत होतं हेही त्यांना कळत होतं. त्यांनी एक घोट घेतला. साखर कमी होती, पण ते काही बोलले नाहीत.

फोन वाजला. कोन्नो-सान होते. म्हणाले, दुकानदाराशी आत्ताच बोललो. तो स्क्रू बदलायचा तर दोन प्रकारचे आहेत. एक स्टेनलेसचा, एक काळा मुलामा दिलेला. कुठला घेऊ?

उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते गंजावर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाने झोपेत दिलं असतं. खांबेट्यांनी सुचेताकडे पाहिलं. मग रिसीव्हर नीट धरला.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “बघावं लागेल. रविवारी दोन वाजता येतो.”